आपले कोणी नसताना

हिवाळी ऑलिम्पिक पाहून आलेल्या मराठी माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो असा: ‘त्यात भारत कुठे होता?’ या प्रश्नाविषयी आम्हाला काही बोलायचे आहे. प्रश्न साधा वाटतो, देशप्रेमाचाही वाटतो. आमच्या मते तो आळशी प्रश्न आहे. मराठी प्रवासलेखनाचे, क्रीडालेखनाचे आणि काही अंशी मराठीच्या वर्गांचेही जे नुकसान झाले आहे, त्याच्या मुळाशी तो आहे.

निमित्त सांगायला हवे. आम्ही जळगाव आणि धुळे येथील महाविद्यालयांत मराठी शिकवतो. आमची एक जुनी विद्यार्थिनी, तापीकाठच्या गावातली, घरी लेवा गणबोली बोलणारी, मराठीत एम.ए. झालेली, लग्नानंतर म्युनिकला गेली. फेब्रुवारी 2026 मध्ये इटलीत मिलान-कॉर्टिना येथे हिवाळी ऑलिम्पिक झाले, तेव्हा ती अँथोल्झ नावाच्या दरीत जाऊन बायथलॉनची एक शर्यत पाहून आली. त्यावर तिने बारा पानांचा लेख लिहिला आणि एका महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी मोठ्या हौसेने पाठवला. संपादक मंडळाने तो परत केला. सोबत तीन सूचना होत्या: लेखात भारताचा संदर्भ यावा, निसर्गसौंदर्याचे वर्णन वाढवावे, शेवटी तरुणांना काही प्रेरणा मिळेल असे लिहावे. महाविद्यालय कोणते, मंडळात कोण होते, याला येथे महत्त्व नाही. अशा सूचना महाराष्ट्रातल्या कोणत्याही महाविद्यालयातल्या मंडळाने केल्या असत्या, आणि आमचे भांडण त्याच्याशीच आहे.

आधी त्या लेखात काय होते ते पाहू. बायथलॉन म्हणजे पायात स्की, पाठीवर रायफल. महिलांच्या 15 किलोमीटरच्या वैयक्तिक शर्यतीत बर्फातून पाच फेऱ्या मारायच्या आणि मध्ये चार वेळा थांबून नेमबाजी करायची. दोनदा आडवे पडून, दोनदा उभे राहून. दर वेळी पाच गोळ्या. लक्ष्य 50 मीटरांवर. पडून मारायचे ते लिंबाएवढे, म्हणजे 45 मिलिमीटरचे. उभ्याने मारायचे ते 115 मिलिमीटरचे, आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढे. एक नेम चुकला की एकूण वेळेत एक मिनिट वाढते. आता अडचण लक्षात घ्या. धावणाऱ्याला छाती भात्यासारखी चालावी लागते आणि नेम धरणाऱ्याला ती शांत हवी. एकाच देहाकडून लागोपाठ या दोन परस्परविरुद्ध गोष्टी मागणारा हा खेळ आहे. आमच्या विद्यार्थिनीने सहा पाने केवळ यावर खर्च केली आहेत. एखादी खेळाडू नेमबाजीच्या चटईकडे येताना शेवटच्या चढावर वेग कसा कमी करते, हातमोज्याची बोटे कशी हलवते, रायफल खांद्याला लावल्यावर पहिली गोळी सुटायला किती वेळ लागतो आणि पाचवी सुटायला किती. गोळी लागली की काळे वर्तुळ पांढरे होते. दर पांढऱ्या वर्तुळाला कठड्यामागची गर्दी एका आवाजात ओरडते, आणि गोळी चुकली की तोच आवाज घशात अडकतो. ही गर्दी जर्मन, ऑस्ट्रियन, इटालियन, नॉर्वेजियन अशी मिश्र होती. ओरडणे सगळ्यांसाठी सारखे होते.

लेखातला उरलेला भाग आणखी विलक्षण आहे. या शर्यतीत सगळ्या जणी एकदम निघत नाहीत, तीस-तीस सेकंदांच्या अंतराने सुटतात. त्यामुळे डोळ्यांसमोरून पुढे जाणारी बाई पहिली आहे की साठावी, हे नुसते पाहून कळत नाही. त्यासाठी फलकावरचे आकडे पाहावे लागतात. मुलीने लिहिले आहे की पहिल्या अर्ध्या तासानंतर तिने फलकाकडे पाहणे सोडून दिले. मग शेवटी सुटलेल्या काही जणी राहिल्या. पदकांचा निकाल जवळजवळ लागला होता, निम्मे कॅमेरे वळले होते. त्यांतली एक चौथ्या नेमबाजीला आली. तिच्या चार गोळ्या लागल्या होत्या आणि पाचवी सोडण्याआधी तिने रायफल खाली केली, श्वास घेतला, पुन्हा वर उचलली. त्या गोळीने जगात कुणाचेही काही बदलणार नव्हते. लेखिका म्हणते, मी तेवढ्या वेळात थंडी विसरले.

यावर विचारले गेले, यात भारत कुठे आहे? नव्हताच. त्या शर्यतीत भारताची कोणीही नव्हती. आमचा मुद्दा असा की त्या बारा पानांचे मोल त्यामुळेच आहे.

पाहणे या क्रियापदाचा विचार मराठीने पूर्वी पुष्कळ केला आहे. आपल्याकडे अपघाताभोवती जमतो तो ‘बघ्या’. नाटकाला येतो तो ‘प्रेक्षक’. प्रेक्षक शब्दातला ‘प्र’ उगीच नाही. नीट, पुढे होऊन, लक्षपूर्वक पाहणारा असा त्यात अर्थ आहे. बघ्याला आपले नाते काय एवढेच ठाऊक असते: कोणाची गाडी, आपल्या गावचा आहे का, ओळखीचा आहे का. उत्तर ‘नाही’ आले की तो निघून जातो. प्रेक्षक नाते नसताना थांबतो. काव्यशास्त्र शिकवताना आम्ही साधारणीकरण ही संकल्पना फळ्यावर लिहितो: रंगमंचावरचे दुःख माझेही नसते आणि शत्रूचेही नसते, म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. हे परीक्षेत सोळा गुणांना येते. मैदानावर मात्र आपण तेच सूत्र उलटे करून ठेवले आहे. जे आपले आहे तेवढेच दिसेल; जे आपले नाही ते तिकिटाचे पैसे भरूनही दिसणार नाही.

आणि जे आपले आहे ते तरी दिसते का? 2022 चे उदाहरण घेऊ. बीजिंगच्या हिवाळी ऑलिम्पिकला भारताचा एकच खेळाडू पात्र ठरला, काश्मीरचा आरिफ खान. गलवानच्या चकमकीत असलेल्या चिनी लष्करी अधिकाऱ्याला मशालवाहक केल्यामुळे भारत सरकारने समारंभांवर राजनैतिक बहिष्कार घातला, आणि उद्घाटन व समारोप दूरदर्शनवरून दाखवले जाणार नाहीत असे जाहीर झाले. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेत आम्ही जात नाही. शासनांना शासनांची कारणे असतात. पण परिणाम असा झाला की तिरंगा घेऊन चाललेला तो एकमेव खेळाडू त्याच्याच देशाच्या राष्ट्रीय वाहिनीवर दिसला नाही. पुढे 13 फेब्रुवारीला जायंट स्लालोममध्ये तो पंचेचाळिसावा आला. मराठी वर्तमानपत्रांत आम्ही वाचले ते एवढेच, पंचेचाळिसावा. त्या दिवशी डोंगरावर दाट हिमवर्षाव होत होता, पुढचे फाटक धड दिसत नव्हते, जवळजवळ निम्मे स्पर्धक दोन फेऱ्या पूर्ण करूच शकले नाहीत, आणि गुलमर्गच्या उतारांवर वाढलेला हा माणूस दोन्ही वेळा शेवटपर्यंत उभा राहिला. पंचेचाळीस या आकड्याच्या पोटात हे सारे होते. आपल्याला आकडा पुरला.

त्याही आधीचे, 2014 चे सोची. भारतीय ऑलिम्पिक संघटना तेव्हा निलंबित होती. शिवा केशवन हा मनालीजवळचा ल्यूज खेळाडू, 1998 च्या नागानोपासून दर हिवाळी ऑलिम्पिकला हजर असलेला, हिमालयातल्या डांबरी रस्त्यांवर घसरगाडीला चाके लावून, मेंढ्या आणि ट्रक चुकवीत सराव केलेला. तो आणि त्याचे दोन सहकारी उद्घाटनाला ऑलिम्पिकच्या ध्वजाखाली चालले. 8 आणि 9 फेब्रुवारीला केशवनची स्पर्धा झाली, आणि 11 फेब्रुवारीला निलंबन उठले. म्हणजे केशवन त्या बर्फाळ नळीतून खाली आला तेव्हा कागदोपत्री तो भारताचा नव्हता. बाकीचे दोघे नंतर उतरले तेव्हा होते. संपादक मंडळाचा प्रश्न येथे लावून पाहा. यात भारत कुठे आहे? तीच गाडी, तोच माणूस, तोच उतार. दोन दिवसांच्या फरकाने उत्तर बदलते. ज्या प्रश्नाचे उत्तर एखाद्या समितीच्या ठरावावर अवलंबून आहे, त्या प्रश्नावर आपल्या डोळ्यांनी विसंबावे काय?

दुसरी सूचना निसर्गवर्णनाची. खरे तर मराठीत बर्फाचे वर्णन आता इतके झाले आहे की त्याचा एक ठरीव साचा बनला आहे. युरोपच्या सहलीचा तिसरा किंवा चौथा दिवस. केबल कारने टिटलिस किंवा रेल्वेने युंगफ्राऊयोख. ‘जिकडे पाहावे तिकडे शुभ्र चादर’. सहप्रवाशांनी एकमेकांवर फेकलेले गोळे. साडीवर चढवलेले जाकीट. कुणीतरी गुणगुणलेले हिंदी चित्रपटातले गाणे. आणि उतरल्यावर सहल-आयोजकाने दिलेला गरम चहा, त्यावर कृतज्ञतेचा एक परिच्छेद. आम्ही टवाळी करीत नाही. अशा सहलींतून आमच्याही नातलगांनी आयुष्याची हौस भागवली आहे आणि ती भागवावीच. पण या लेखनात बर्फ हे नेहमी पार्श्वभूमी असते, छायाचित्रातल्या पडद्यासारखे. त्यावर कोणी काम करत नाही, घसरत नाही, चढत नाही, त्याची वाट रात्रभर जागून कोणी सारखी करत नाही. पु. ल. देशपांड्यांनी ‘अपूर्वाई’त परदेशात गेलेल्या मराठी माणसाला हसवले, आणि त्यांच्यामागून आलेल्या शेकडोंनी तो विनोद उचलला. त्या विनोदामागचे टिपणारे डोळे मात्र फारच थोड्यांनी उचलले.

याउलट मराठीतल्या प्रवासवर्णनाचा मूळ पुरुष पाहा. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि 1857 च्या धामधुमीत झाशीत अडकले. ‘माझा प्रवास’ 1907 साली छापला गेला. भटजी तेथे कोणाच्या बाजूने लढायला गेले नव्हते. ते अक्षरशः चुकून झालेले प्रेक्षक. पण काय पाहिले आहे त्यांनी! दक्षिणा किती मिळाली, पाण्यावाचून काय हाल झाले, शहर पडल्यावर लुटीत आधी काय गेले आणि मग काय गेले. त्यात निसर्गसौंदर्य फारसे नाही आणि तरुणांना संदेश तर मुळीच नाही. गोडसे भटजींनी ते हस्तलिखित आजच्या एखाद्या वार्षिकांकाकडे पाठवले असते, तर तीच तीन सूचनांची चिठ्ठी त्यांनाही आली असती, अशी आमची खात्री आहे.

आता एका गंभीर आक्षेपाकडे वळतो. तो आम्हाला आमच्याच मित्रांकडून आला, आणि त्याला खानदेशी अस्तर आहे. आक्षेप असा की आमच्या मातीचा बर्फाशी संबंध काय? मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो. आमचे साहित्य केळी, कापूस, तापी, गिरणा, आखाजी यांतून आले पाहिजे. अँथोल्झ-बिंथोल्झ हे उपरे आहे. सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांनी मांडलेल्या देशीवादाचा हा सोपा, खिशात मावणारा अवतार. मूळ मांडणीचे काय म्हणणे आहे हा वेगळा विषय, तो पुन्हा कधी. या खिशातल्या आवृत्तीला मात्र आम्ही देशी पद्धतीनेच उत्तर देऊ.

एक तर शब्द पाहा. हिवाळा या शब्दात हिम आहे. संस्कृत ‘हिम’, त्याचे ‘हीव’. त्यापासून हीव भरणे, हिवताप, हिवाळा. आमच्या भाषेने बर्फ पाहिले नसेल, पण थंडीला नाव देताना तिला बर्फाचाच शब्द आठवला. आणि थंडी आम्हाला ठाऊक नाही असे कोणी सांगितले? जानेवारीत पारा उतरला की रावेर-यावलचा केळीवाला शेतकरी रात्री बागेला पाणी सोडतो, बांधावर पाचोळा पेटवून धूर करतो. केळीच्या हवामानावर आधारित पीकविम्यात किमान तापमानाची अट असते. एका अंशाचा फरक म्हणजे काय हे त्या शेतकऱ्याला जसे कळते, तसे ते स्कीच्या तळाला मेण लावणाऱ्या कारागिराला कळते. तोही पहाटे उठून बर्फाचे तापमान मोजतो आणि त्याप्रमाणे मेण निवडतो. या दोघांना समोरासमोर बसवले तर दुभाषा लागेल. विषय नवा लागणार नाही.

दुसरे, पाहण्याची परंपरा. जळगावचा श्रीरामाचा रथ 1872 पासून कार्तिकी एकादशीला निघतो. बाहेरगावचा पाहुणा मूर्तीकडे आणि रोषणाईकडे पाहतो. जुना जळगावकर पाहतो चाकांकडे. एवढा अवजड रथ अरुंद गल्लीतून वळवायचा आणि थांबवायचा तो चाकाखाली लाकडी मोगरी लावून. ती कोणत्या क्षणी सरकवायची, कोणत्या कोनात, आणि हात कधी काढून घ्यायचा, हे ज्यांना येते ते लोक पिढ्यान्‌पिढ्यांचे असतात. कडेला उभे राहून ‘आता लावली, बरोबर लावली’ असे पुटपुटणारे म्हातारे आम्ही पाहिले आहेत. बॉबस्लेच्या गाडीत शेवटी बसणारा, जो सुरुवातीला ढकलतो आणि अखेरीस ब्रेक ओढतो, त्याचे काम या म्हाताऱ्यांना समजावून सांगायला पाच मिनिटेसुद्धा लागणार नाहीत. जळगाव परिसरातल्या गावांत भगत बारागाड्या ओढतो, तेव्हाही गर्दी नुसता चमत्कार पाहत नाही. पहिली गाडी हलली की नाही, जू कसे बसले, बाजूचे लोक कुठे पळताहेत, हे सारे पाहते.

कुस्तीचे तर काय सांगावे. यात्रेतल्या दंगलीत बऱ्हाणपूरचा आणि मालेगावचा मल्ल लागला तर जोडीत आमच्या गावचे कोणी नसते. तरी माणसे उन्हात तीन-तीन तास बसतात. डाव चांगला पडला तर मारणाऱ्याला दाद मिळते, आणि हरलेल्याने झुंज चांगली दिली असेल तर त्याच्याही हातावर कुणीतरी नोट ठेवतो. तेथे कोणी उठून विचारत नाही की यात आमचे गाव कुठे आहे. विचारले तर लोक त्याला खाली बसवतील. खानदेशी प्रेक्षक असा आहे, आणि तोच देशी आहे. पदकतालिकेत बोट फिरवून स्वतःच्या देशाचे नाव शोधणारा प्रेक्षक ही दूरचित्रवाणीने घडवलेली अलीकडची चीज आहे. आपण ‘मातीतला’ म्हणून ज्याचा अभिमान धरतो तो बाजारातून आलेला आहे, आणि ज्याला उपरा म्हणून हाकलतो त्या अँथोल्झच्या कठड्यामागच्या माणसाचे आमच्या दंगलीतल्या प्रेक्षकाशी सख्खे नाते आहे. आल्प्समध्ये स्कीच्या शर्यतीत लोक खेळाडूंना उत्तेजन द्यायला काय वाजवतात ठाऊक आहे? गाईच्या गळ्यातल्या घंटा. पोळ्याला घागरमाळांचा आवाज ऐकत वाढलेल्या मुलीला तो आवाज परका वाटला नाही, असे तिने लिहिले आहे. संपादक मंडळाला खानदेश हवा होता, तर तो या ओळीत होता. त्यांनी ती वाचली असावी की नाही याविषयी आम्हाला शंका आहे.

अमळनेरला फेब्रुवारी 2024 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, 1952 नंतर दुसऱ्यांदा. जागतिकीकरणात मराठीचे काय, ही चिंता अशा प्रत्येक संमेलनात व्यासपीठावरून वाहत असते. त्या चिंतेचे काय करावे हे कोणी सांगत नाही. एक लहानशी गोष्ट करता येईल: जगात गेलेल्या मराठी मुलांनी जग पाहून लिहिले, तर ते जसे आहे तसे छापावे.

तिसरी सूचना प्रेरणेची. हिच्यावर फार शब्द खर्च करण्याची आमची इच्छा नाही. एवढेच म्हणतो की प्रेरणा देण्यासाठी लिहिलेल्या क्रीडालेखनात शेवटचा आलेला खेळाडू फक्त ‘जिद्द’ या एका शब्दासाठी बोलावला जातो आणि लगेच निरोप दिला जातो. नागानोचा प्रसंग घ्या. 1998 साली केनियाचा फिलिप बोइट दहा किलोमीटरच्या स्की शर्यतीत सर्वांत शेवटी, विजेत्यानंतर सुमारे वीस मिनिटांनी पोहोचला. विजेता नॉर्वेचा ब्यर्न डाली पदकसमारंभ खोळंबवून त्याच्यासाठी रेषेपाशी थांबला आणि त्याने बोइटला मिठी मारली. आपल्याकडे ही गोष्ट बोइटच्या जिद्दीची म्हणून सांगितली जाते. आम्हाला ती डालीच्या प्रेक्षकपणाची वाटते. आपले काम संपलेले, सुवर्ण हातात आलेले, आणि तरी हा मनुष्य वीस मिनिटे थांबून दुसऱ्याचे काम पाहतो. त्याला ठाऊक होते की त्या अंतराच्या प्रत्येक चढावर काय होते, कारण तो स्वतः त्यावरून आला होता. 2022 मध्ये बीजिंगला फिनलंडचा ईवो निस्कानेन तसाच कोलंबियाच्या शेवटच्या खेळाडूसाठी थांबला. म्हणजे त्या खेळात ही रीत म्हणून रुजू पाहते आहे. आमच्या मराठी साहित्यव्यवहारात पुरस्कार घेऊन मंचावरून उतरलेला लेखक पुढच्या वक्त्याचे भाषण ऐकायला थांबलेला आम्ही क्वचितच पाहिला आहे. असो.

यानंतर उरतो तो पैशाचा आक्षेप, आणि तो खोटा नाही. हिवाळी खेळ हे मुख्यतः श्रीमंत, थंड देशांचे खेळ आहेत. साधने महाग, सराव महाग, तिकिटे महाग. खानदेशातून उठून तेथे जाणे शंभरातल्या नव्वद जणांना शक्य नाही, आणि आमची विद्यार्थिनीसुद्धा म्युनिकला राहते म्हणून जाऊ शकली. बीजिंगमध्ये स्पर्धेसाठी वापरलेले बर्फ जवळजवळ सगळे यंत्रांनी तयार केलेले होते. कॉर्टिनात घसरगाड्यांचा नवा मार्ग बांधायचा म्हणून लार्चची शेकडो झाडे तोडली गेली आणि त्यावर इटलीतच मोठे वादळ उठले. ऑलिम्पिक हा व्यापारही आहे आणि राजकारणही. हे सगळे मान्य. पण हे सांगणार कोण? घरी बसून ‘श्रीमंतांचे चोचले’ म्हणणाऱ्याला हे दिसत नाही, आणि ‘शुभ्र चादर’ लिहिणाऱ्यालाही दिसत नाही. मुलीच्या लेखात तिकिटाची किंमत आहे, गाडी लावायला लागलेले पैसे आहेत, सूपच्या वाटीचा दर आहे; दक्षिणेच्या एके रुपयाचा हिशेब ठेवणाऱ्या भटजींची ती खरी वारसदार आहे. हिरव्या उतारावर पांढऱ्या पट्ट्यासारखा दिसणारा कृत्रिम बर्फाचा मार्गही दरीत खालच्या अंगाला तिला दिसला, आणि तिने त्याला सुंदर म्हटलेले नाही. ज्याला खेळ नीट पाहता येतो त्यालाच खेळाभोवतीचा व्यवहारही नीट पाहता येतो. डोळे एकच असतात.

महाराष्ट्राला नैसर्गिक बर्फ नाही, तरी 2020 पासून होणाऱ्या खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांत आपल्या राज्याची मुले लेह-गुलमर्गला जाऊन बर्फावर स्केटिंग करतात आणि पदके आणतात. त्यांच्याविषयी मराठीत एक तरी असा मजकूर आहे का, ज्यात पात्याच्या कडेवर तोल कसा धरतात हे कळते? आम्हाला आढळला नाही. आढळले ते सत्काराचे फोटो. येथे तर ‘आपले’ होते, भारत होता, महाराष्ट्रही होता. सूचनेबरहुकूम सगळे होते. तरी पाहणारे कोणी नव्हते.

भाषेचीही येथे एक गंमत आहे. मराठीत ‘घसरणे’ हे क्रियापद नेहमी वाईट असते. पाय घसरतो, जीभ घसरते, दर्जा घसरतो, विद्यापीठाचा निकाल घसरतो. ताशी शंभराहून अधिक किलोमीटर वेगाने ठरवून, शिकून, देहाचा कण न्‌ कण ताब्यात ठेवून घसरणे या अनुभवाला आपल्याकडे शब्द नाही. मुलीने बारा पानांत कुठे ‘निसटती धाव’, कुठे ‘सरकत झेप’ असे प्रयोग करून पाहिले आहेत. काही जमले आहेत, काही फसले आहेत. पण भाषा वाढते ती अशीच, एखाद्याने डोळ्यांनी काही नवे पाहिले आणि ते सांगताना त्याची पंचाईत झाली म्हणून. मंडळाने परत केलेल्या हस्तलिखितात या शब्दांखाली लाल रेघा होत्या.

आम्ही तो लेख द्वितीय वर्षाच्या वर्गात, प्रवासवर्णन हा साहित्यप्रकार शिकवताना वाचून दाखवला. वर्गात चोवीस विद्यार्थी होते, बहुतेक रोज एसटीने ये-जा करणारे, त्यांतल्या कोणी समुद्रही पाहिला नसेल. एकाने विचारले, सर, त्या शेवटच्या बाईची पाचवी गोळी लागली का? आम्ही सांगितले, लेखात ते दिलेले नाही. यावर वर्गात बराच वाद झाला. अर्ध्यांचे म्हणणे, लेखिकेने सांगायला हवे होते. उरलेल्यांचे, तिने मुद्दाम सांगितले नाही. शर्यतीत भारत होता का, हे त्या तासाभरात कोणीच विचारले नाही.

पुढचे हिवाळी ऑलिम्पिक 2030 मध्ये फ्रान्सच्या आल्प्समध्ये व्हायचे आहे. तोपर्यंत या वर्गातले दोन-चार जण कुठे कुठे पोहोचलेले असतील. आजकाल खानदेशातून मुले कुठे जात नाहीत? त्यांतले कोणी डोंगरावर उभे राहून एखादी शर्यत पाहील आणि घरी फोन करील. घरचे विचारतील, थंडी किती, खर्च किती, फोटो पाठव. तिन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे देऊन झाल्यावर त्याने जे पाहिले ते सांगू लागावे आणि पलीकडच्याने फोन ठेवू नये.